कोटींचे हजार कसे होतात?

पावसाळा अर्ध्यावर आला की आपल्या शहरांत दोन याद्या तयार होतात. एक यादी आरोग्य खात्याच्या टेबलावर तयार होते. तिच्यात रकाने असतात, सही असते, शिक्का असतो आणि शेवटी एक ठरलेले वाक्य असते : परिस्थिती नियंत्रणात आहे. दुसरी यादी वस्तीत तयार होते. ती कोणी लिहीत नाही, पण सगळ्यांना पाठ असते. तिसऱ्या गल्लीत कोणाच्या घरी तिघे तापाने पडले आहेत, कोणाच्या पोराच्या प्लेटलेट उतरल्या, कोणी दवाखान्याच्या बिलासाठी डोरले गहाण टाकले आणि कोणाच्या दारात परवा तिरडी बांधली गेली, हे सगळे त्या यादीत असते. या दोन याद्या कधीही जुळत नाहीत. वस्तीच्या यादीतले शंभर ताप सरकारी यादीत पोहोचेपर्यंत दोन-चार उरतात. मधले कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत.

आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, खासगीकरण असे विषय सोडून आम्ही डेंग्यूच्या डासावर का घसरलो, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर असे की, हा लेख डासावर नाही, मोजणीवर आहे. कोणाला मोजायचे, कोणाला वगळायचे आणि वगळण्यासाठी कोणती व्याख्या वापरायची, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. तो बाबासाहेबांनी आकडेवारीसह मांडून ठेवला आहे.

बाबासाहेबांनी पकडलेली वजाबाकी

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात एक प्रकरण आहे. 'दशलक्षांवरून अपूर्णांकांवर' असा त्याच्या मथळ्याचा अर्थ होतो. १९११ च्या जनगणनेत अस्पृश्य कोण हे ठरवण्यासाठी दहा कसोट्या लावण्यात आल्या होत्या. ब्राह्मण पुरोहित मिळतो का, देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येते का, स्पर्शाने विटाळ होतो का, अशा त्या कसोट्या होत्या. त्यावरून जो आकडा निघाला, त्याबद्दल बरीच वर्षे सवर्ण पुढाऱ्यांनी फारशी खळखळ केली नाही. संख्येला तोवर किंमत नव्हती. १९३२ साली लोथियन समिती मताधिकाराचा विचार करायला बसली, संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार हे दिसू लागले आणि अस्पृश्य एकाएकी नाहीसे होऊ लागले.

बाबासाहेबांनी दिलेले आकडे आजही वाचून पाहावेत. संयुक्त प्रांतात जनगणना आयुक्ताच्या हिशेबाने १ कोटी २६ लाख अस्पृश्य होते. प्रांतिक सरकारने ते ६८ लाख ठरवले. प्रांतिक मताधिकार समितीने ते फक्त ६ लाख आहेत असे सांगितले. बंगालमध्ये जनगणनेचा आकडा १ कोटी ३ लाख होता, प्रांतिक सरकारचा १ कोटी १२ लाख होता आणि मताधिकार समितीचा होता अवघा ७० हजार! माणसे तीच होती. त्यांची वस्ती गावाबाहेरच होती आणि त्यांचा पाणवठाही वेगळाच होता. बदलली होती ती व्याख्या. व्याख्या आवळली की कोटींचे हजार होतात आणि हजारांना मागण्या करता येत नाहीत, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. हा धडा मनात ठेवून आता तापाच्या नोंदींकडे वळू.

तापाला लावलेल्या तीन चाळण्या

डेंग्यू हा विषाणूजन्य रोग. एडीस इजिप्ती नावाचा डास तो पसरवतो. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. या रोगाचा रुग्ण कोणाला म्हणायचे, यासाठी राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्या साध्या मराठीत सांगायच्या तर तापाला तीन चाळण्या लावल्या जातात.

पहिली चाळणी लक्षणांची. दोन ते सात दिवसांचा ताप आहे आणि त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांच्या खोबणीमागे दुखणे, अंगदुखी, सांधेदुखी, अंगावर पुरळ, कुठून तरी रक्तस्राव यांपैकी दोन तरी लक्षणे आहेत, तर तो डेंग्यूचा संशयित. दुसरी चाळणी झटपट चाचणीची. बोटाएवढ्या पट्टीवर रक्ताचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत जी चाचणी होते, ती 'पॉझिटिव्ह' आली तरी रुग्ण 'संभाव्य'च राहतो, कारण या पट्ट्या पुरेशा भरवशाच्या नाहीत असे शासनाचे म्हणणे आहे. तिसरी चाळणी प्रयोगशाळेची. रक्तजल नमुन्यावर एलायझा पद्धतीने एनएस-१ किंवा आयजीएम चाचणी झाली, किंवा त्याहून वरची विषाणूची चाचणी झाली आणि ती होकारार्थी आली, तरच रुग्ण 'निश्चित'. देशाच्या वार्षिक तक्त्यात जातो तो हा तिसऱ्या चाळणीतून उरलेला आकडा.

ही एलायझा चाचणी कुठे होते? सरकारने नेमलेल्या सेंटिनल रुग्णालयांत. चाचणीचे आयजीएम संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात आणि ते या केंद्रांना मोफत मिळतात. सुरुवातीला देशभरात अशी ११० केंद्रे होती; आज ती आठशेच्या घरात आहेत. वाढ झाली हे आम्ही मान्य करतो. पण भारतात सातशेहून अधिक जिल्हे आहेत. म्हणजे सरासरी एका जिल्ह्याला जेमतेम एक केंद्र. एकेका जिल्ह्यात वीस-पंचवीस लाख माणसे राहतात.

आता या चाळण्यांतून आपल्या माणसाला चालवून पाहा. नाक्यावर उभा राहणारा एखादा बिगारी घ्या. ताप आला की तो पहिले दोन दिवस अंगावर काढतो, कारण खाडा पडला तर मजुरी बुडते. तिसऱ्या दिवशी तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, इंजेक्शन घेतो, गोळ्या घेतो. हा डॉक्टर कोणालाही काही कळवत नाही. म्हणजे पहिल्या चाळणीच्याही अलीकडे हा माणूस गळाला. ताप उतरला नाही म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी तो खासगी लॅबमध्ये झटपट चाचणी करतो. २०१५ च्या साथीत दिल्ली सरकारने खासगी लॅबना डेंग्यूच्या चाचणीसाठी सहाशे रुपयांची मर्यादा घालून दिली होती. मर्यादा घालावी लागली, यावरूनच त्याआधी काय घेतले जात असेल याचा अंदाज करावा. पट्टीवर रेघ उमटली तर उपचार सुरू होतात, पण सरकारी भाषेत तो 'संभाव्य'. आणि रेघ उमटली नाही तर? एनएस-१ हा घटक रक्तात साधारणपणे पहिल्या पाच दिवसांत सापडतो. आयजीएम प्रतिद्रव्ये पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. उशिरा आलेल्याची नेमकी एनएस-१ चाचणी केली तर रोग असूनही ती नकारार्थी येऊ शकते. मजुरी बुडू नये म्हणून उशिरा येणे ही गरिबाची लाचारी आहे आणि तीच लाचारी त्याला नोंदीतून बाहेर काढते.

समजा तो सरकारी रुग्णालयात पोहोचलाच. रक्तजल नमुना घेतला गेला. एलायझाच्या एका ताटलीत ९६ खळगे असतात. दोन-चार नमुन्यांसाठी ती वाया घालवणे परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबण्याकडे प्रयोगशाळेचा कल असतो. अहवाल येईपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, नाहीतर गेलेला असतो. पक्का पत्ता नसलेल्या, भाड्याची खोली बदलणाऱ्या, कंत्राट संपले की गावी परतणाऱ्या माणसाचा तो अहवाल कोणत्या वॉर्डात लिहायचा? वॉर्ड सापडला नाही तर त्याच्या घराभोवती फवारणी होत नाही आणि शेजारच्या घरात दुसरा रुग्ण तयार होतो.

हा हिशेब आमचा नाही

वस्तीच्या यादीवर तुमचा विश्वास नसेल, तर संशोधकांच्या यादीवर ठेवा. २००६ ते २०१२ या काळात भारतात दरवर्षी सरासरी २० हजार ४७४ डेंग्यू रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेतील आणि भारतातील संशोधकांच्या गटाने तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याच्या तपशीलवार माहितीचा आधार घेऊन हिशेब मांडला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी निदान केलेले रुग्णच वर्षाला सरासरी ५७ लाख ८० हजार असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे नोंदीच्या २८२ पट! अंदाजात चूक धरा, निम्मा करा, चौथाई करा, तरी सरकारी आकडा त्याच्या जवळपास फिरकत नाही.

पुढे २०१७-१८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १५ राज्यांत, बारा हजारांवर लोकांचे रक्त तपासले. ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. पाच ते आठ वर्षांच्या मुलांतही हे प्रमाण २८.३ टक्के होते. डेंग्यूची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत किंवा सौम्य ताप येऊन जातो, हे खरे. तरीही देशातल्या जवळपास निम्म्या लोकांना ज्या रोगाने गाठले, त्याचे रुग्ण तक्त्यात वर्षाला काही हजार किंवा दोन-तीन लाख दिसावेत, याचा अर्थ काय होतो?

तक्त्यातले चढउतारही पाहा. २०२० साली देशात ४४ हजार ५८५ रुग्ण नोंदले गेले. पुढच्याच वर्षी १ लाख ९३ हजार २४५ झाले. २०२३ साली २ लाख ८९ हजार २३५ रुग्ण आणि ४८५ मृत्यू. २०२० साली डासही टाळेबंदीत गेले होते काय? काही घट खरी असेलही. पण त्या वर्षी प्रयोगशाळा, परिचारिका आणि आरोग्यसेवक सगळे कोरोनाच्या कामाला लावले गेले होते आणि साध्या तापाचा माणूस रुग्णालयाच्या फाटकाकडे फिरकत नव्हता. मोजणारा हात काढून घेतला की रोग कमी झालेला दिसतो.

आता चिकुनगुन्याचे उदाहरण घेऊ. तोही याच डासाचा रोग. अनेक वर्षांच्या खंडानंतर २००५-०६ साली तो परत आला. २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे अडीच लाखांहून अधिक होते. मराठवाड्यात, विदर्भात गावेच्या गावे सांधे धरून बसली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण मात्र दोन हजारांच्या आसपास. आणि मृत्यू? सरकारी नोंदीत शून्य. चिकुनगुन्याने माणूस मरत नाही, असे तेव्हा ठासून सांगितले जात होते. अहमदाबादमध्ये काही संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. मृत्यूचे कारण काय लिहिले आहे, हे न पाहता त्यांनी शहरातले एकूण मृत्यू मोजले. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या साथीच्या चार महिन्यांत, आधीच्या चार वर्षांतील त्याच महिन्यांच्या सरासरीपेक्षा २ हजार ९४४ मृत्यू जास्त झालेले आढळले. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. ते सगळे चिकुनगुन्याचेच होते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण एका शहरात जवळजवळ तीन हजार माणसे जास्तीची मरतात आणि देशाच्या तक्त्यात शून्य असते, तेव्हा खुलासा देण्याची जबाबदारी शून्य लिहिणाऱ्याची असते.

मृत्यूची चाळणी तर आणखी बारीक आहे. २०२० च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. उरलेली माणसे कशाने मेली, हे या देशाच्या दफ्तराला माहीत नाही. जिथे दाखला मिळतो तिथेही 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले की काम भागते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे बंद पडले, हा प्रश्न असतो.

आकडा लहान ठेवण्यात कोणाचे हित?

सत्तेवर कोणताही पक्ष असो, साथीच्या दिवसांत प्रशासनाची पहिली धडपड आकडा दाबण्याची असते. २०१७ साली पश्चिम बंगालमध्ये तापाची मोठी साथ आली. मृत्यूच्या कागदांवर 'अज्ञात ताप' असे शब्द दिसू लागले. बारासातच्या सरकारी रुग्णालयातील एका डॉक्टराने तिथल्या गर्दीचे वर्णन समाजमाध्यमावर लिहिले, तर त्याला निलंबित करण्यात आले. रोग आवरता आला नाही म्हणून कोणी निलंबित झाले नाही. रोगाचे नाव घेतले म्हणून झाले.

आकडा लहान राहिला की अधिकाऱ्याची नोकरी सुखाची होते, नगरसेवकाला उत्तर द्यावे लागत नाही, मंत्र्याला सभागृहात मान वर करून बोलता येते. आणि नुकसान कोणाचे? चाचणी संच, फवारणीची माणसे, रक्तपेढीची तयारी, रुग्णालयातील खाटा हे सारे गेल्या वर्षीच्या आकड्यावर बेतले जाते. ज्या वस्तीतून कधी नमुनेच घेतले गेले नाहीत, त्या वस्तीत कागदोपत्री रोग नसतो. रोग नाही म्हणून तिथे माणूस पाठवला जात नाही. माणूस जात नाही म्हणून नमुने येत नाहीत. हे चक्र वर्षानुवर्षे फिरत आहे आणि त्यात भरडली जाते ती नाल्याकाठची, रेल्वेरुळालगतची, गावकुसाबाहेरची आपली वस्ती. पैसेवाल्याला या आकड्याची गरज नसते. त्याला खाट विकत मिळते. ज्याला फक्त सरकारी खाट आहे, त्यालाच सरकारी आकड्याची गरज असते.

वर्गीकरण नको, असे आम्ही म्हणत नाही

इथे कोणी आमच्यावर उलटेल की, मग काय प्रत्येक तापाला डेंग्यू म्हणायचे? नाही. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे लोक आहोत. पावसाळ्यात हिवताप असतो, लेप्टो असतो, विषमज्वर असतो. सगळ्यांची सुरुवात सारखीच दिसते. लेप्टोच्या रुग्णाला डेंग्यू समजून ठेवले तर त्याला वेळेवर प्रतिजैविक मिळणार नाही आणि तो मरेल. झटपट पट्टीच्या एका रेघेवर घाबरवून, गरज नसताना प्लेटलेट चढवून, हजारोंची बिले काढणारे दवाखाने आपण पाहिले आहेत. तेव्हा संशयित, संभाव्य आणि निश्चित हा भेद हवाच. आमचा आक्षेप भेदाला नाही. तीन रकाने भरायचे आणि लोकांना एकच दाखवायचा, याला आहे.

दुसरीकडे कसे करतात ते पाहा. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाईल हा डासांमुळे पसरणारा रोग आला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने त्याच्या नोंदीसाठी देशव्यापी व्यवस्था उभी केली. तिच्यात निश्चित आणि संभाव्य असे दोन्ही रुग्ण धरले जातात. मेंदूपर्यंत पोहोचलेला आजार आणि साधा ताप यांची वेगळी नोंद होते. साध्या तापाचे बहुतेक रुग्ण आमच्या नोंदीतून निसटतात, मेंदूच्या आजाराचा आकडाच अधिक भरवशाचा धरावा, हे ती व्यवस्था स्वतः लिहून सांगते. अमेरिका काही समतेचे नंदनवन नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांना विचारा. पण आपल्या आकड्यात काय नाही, हे आकड्याशेजारीच लिहिण्याचा प्रामाणिकपणा आपल्या खात्याला शिकायला हरकत नाही.

वर्गीकरण माणसाच्या बाजूनेही बदलता येते, याचा दाखला डेंग्यूतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या वर्गवारीत गंभीर डेंग्यू म्हणजे रक्तस्रावी डेंग्यू. त्यासाठी ताप, रक्तस्राव, एक लाख किंवा त्याहून कमी प्लेटलेट आणि रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्याचा पुरावा या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागत. अनेक देशांतल्या डॉक्टरांनी तक्रार केली की, रुग्ण मरणाच्या दारात असतो आणि एक अट भरत नाही म्हणून तो 'साधा' ठरतो. २००९ साली संघटनेने वर्गवारी बदलली. धोक्याची लक्षणे नसलेला, धोक्याची लक्षणे असलेला आणि गंभीर, असे तीन गट केले. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी ही ती लक्षणे. ताप उतरत असताना ती दिसली तर रुग्णाला घरी ठेवू नये. ही लक्षणे प्रत्येक आईने पाठ करावीत. प्रयोगशाळा दूर असली तरी ती दिसतात आणि जीव वाचवतात. व्याख्या माणसाला वगळण्यासाठी करता येते, तशी वाचवण्यासाठीही करता येते. प्रश्न ती कोणासाठी केली, हा आहे.

पिंप आमचे आणि दंडही आम्हालाच!

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हा डास घरातल्या पाण्यात वाढतो, म्हणून दोष घराला दिला जातो. आरोग्य खात्याचा माणूस येतो, पिंपात बॅटरी मारतो, अळी दिसली की नोटीस देतो, मुंबईसारख्या शहरात खटलाही भरतो. पिंप का भरून ठेवले आहे, हे मात्र तो विचारत नाही. एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी नळ येतो, तोही तासभर. 'कोरडा दिवस पाळा' हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या घरी चोवीस तास नळ आहे, त्याचा रोजच कोरडा दिवस असतो. ज्याला पाणी साठवूनच जगायचे आहे, त्याने भरलेले पिंप ओतायचे कसे?

२०११ च्या जनगणनेनुसार घराच्या आवारात पिण्याचे पाणी असलेली कुटुंबे देशात सुमारे ४७ टक्के होती. अनुसूचित जातींत हेच प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. या फरकाचे नाव जात आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या काठी बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला. आज तळ्यावर जायला बंदी नाही, पण नळाची वाहिनी सवर्ण वस्तीत आधी पोहोचते आणि आपल्या वस्तीत पिंप पोहोचते. त्या पिंपात अळी होते, त्या अळीचा डास होतो, त्या डासाने ताप येतो आणि तो ताप कोणत्याच रकान्यात बसत नाही. केंद्राच्या जाहीर तक्त्यात राज्याचे नाव असते, रुग्ण असतात, मृत्यू असतात. कोणत्या वस्तीत, कोणत्या समाजात, नळ असलेल्या घरात की नसलेल्या, हे कुठेच नसते. विचारलेच नाही तर उत्तर द्यावे लागत नाही!

आणि ही फवारणी करणारे कोण? गटारीत उतरणारे, धुराचे यंत्र पाठीवर घेऊन गल्लीबोळ फिरणारे, घरोघर पिंपे तपासणारे बहुतेक आपलेच भाऊबहीण आहेत. त्यांतले अनेक कंत्राटावर, हंगामापुरते. पावसाळा संपला की काम संपले. ज्यांच्या अनुभवात कोणत्या गल्लीत कधी अळी होते याची खडान्खडा माहिती आहे, त्यांनाच व्यवस्था दरवर्षी घरी पाठवते आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात करते.

मग करायचे काय?

नुसता संताप करून भागत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, संशयित, संभाव्य आणि निश्चित हे तिन्ही आकडे दर आठवड्याला, वॉर्डनिहाय आणि गावनिहाय जाहीर करा. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात उपकेंद्र, डॉक्टर आणि प्रयोगशाळा अशा तीन पातळ्यांवरचे वेगवेगळे तक्ते पहिल्यापासून भरले जातात. २०२१ पासून ही माहिती संगणकावर थेट चढते. म्हणजे माहिती आहे, फक्त ती लोकांपुढे येत नाही. दुसरी, खासगी लॅब आणि दवाखान्यांना प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक करा आणि ते पाळले जाते का हे पाहा. केंद्राने २०१६ साली राज्यांना तसे सुचवले होते. दिल्लीला त्याची अधिसूचना काढायला २०२१ उजाडले. तिसरी, झटपट चाचणीत सापडलेल्या प्रत्येक गरीब रुग्णाचा रक्तजल नमुना सरकारी आरोग्यसेवकाने घरी येऊन घ्यावा. रुग्णाने केंद्र शोधत फिरू नये. चौथी, मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीने एखादा मृत्यू डेंग्यूचा नाही असे ठरवले तर ते का, हे कुटुंबाला लेखी द्यावे. पाचवी, नोंदीत वस्तीचा प्रकार, पाणीपुरवठ्याचा प्रकार आणि सामाजिक प्रवर्ग यांचे रकाने घाला, म्हणजे रोग कोणाला आधी गाठतो हे देशाला कळेल.

सरकार हे आपणहून करणार नाही. तेव्हा एक काम आपण आजपासून करू शकतो. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक मंडळात एक वही ठेवा. ताप कधी सुरू झाला, कोणत्या दिवशी कोणती चाचणी झाली, अहवाल काय आला, नळ किती दिवसांनी येतो, मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिले, एवढेच तिच्यात लिहा. शिकलेल्या मुलामुलींना हे काम द्या. रुग्णाचे नाव बाहेर जाऊ देऊ नका. आकडा मात्र जाऊ द्या. चाचणीचे कागद फेकू नका. हंगाम संपला की माहिती अधिकाराखाली त्याच वॉर्डाची सरकारी यादी मागवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जो फरक दिसेल, तो घेऊन आयुक्ताच्या, जिल्हाधिकाऱ्याच्या दारात जा.

संयुक्त प्रांतात सव्वा कोटींचे सहा लाख करणाऱ्यांना बाबासाहेबांनी भाषणाने उत्तर दिले नाही. त्यांनी तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि वाचणाऱ्याला वजाबाकी करायला लावली. आपल्या वस्तीच्या तापाचेही तेच करायचे आहे. वही आणायला दहा रुपये पुरतात. पुढचा पावसाळा येण्याआधी ती विहारात असली पाहिजे.